फायटरचे घर : वाचकांचे प्रश्न आणि उत्तरे

गेल्या दोन महिन्यांत या सदराकडे आलेल्या पत्रांपैकी बरीचशी पत्रे एकाच माशाविषयी आहेत. शास्त्रज्ञ ज्याला ‘बेट्टा स्प्लेन्डेन्स’ म्हणतात आणि आपल्याकडची दुकाने ज्याला सरसकट ‘फायटर’ म्हणतात, तो हा मासा. पत्रे नाशिकच्या वेगवेगळ्या भागांतून आली असली तरी त्यांतील निम्म्याहून अधिक तक्रारींचे मूळ माशात नसून त्याच्या पाण्यात आहे, असे ती वाचताना पुन्हा पुन्हा जाणवले. म्हणून पहिल्या उत्तराला या वेळी अधिक जागा दिली आहे.

प्रश्न : मुलाच्या वाढदिवसाला आम्ही निळा फायटर आणला. हा मासा हवेतून श्वास घेतो, त्यामुळे त्याला लहान गोल भांडे पुरते आणि पंप वगैरे काही लागत नाही, असे दुकानदाराने सांगितले. मी रोज सकाळी भांड्यातले सगळे पाणी काढून ताजे नळाचे पाणी भरते. तरीही वर्षभरात तीन मासे गेले. तिसरा गेला तेव्हा मुलगा दिवसभर नीट जेवला नाही. माझे काय चुकते आहे?
— एक वाचिका, इंदिरानगर

उत्तर : आपण काळजी मनापासून घेतली आहे, आपल्याला मिळालेली माहिती तेवढी अपुरी होती. फायटर हवेतून श्वास घेतो, हे खरे आहे. त्याच्या डोक्यात, कल्ल्यांच्या वरच्या बाजूला, घड्या घातल्यासारखे एक इंद्रिय असते आणि त्यात रक्तवाहिन्यांचे दाट जाळे असते. आपला मासा दर काही मिनिटांनी पाण्याच्या पृष्ठभागाशी येतो, तोंड किंचित वर काढून हवेचा एक घोट घेतो आणि परत खाली वळताना कल्ल्यांजवळून एखादा बारीक बुडबुडा सोडतो. मुलाला शेजारी बसवून हे एकदा निवांत पाहावे. वर येण्याची वाट बंद झाली तर हा मासा पाण्यातच गुदमरून मरू शकतो. थायलंडमधील भातखाचरे आणि उथळ दलदली हे त्याचे मूळ घर आहे. तेथील कोमट, संथ पाण्यात प्राणवायू कमी असतो आणि अशा पाण्यात तग धरण्यासाठीच निसर्गाने त्याला हे इंद्रिय दिले. पण खाचरातले पाणी उथळ असले तरी चहूकडे पसरलेले असते आणि त्यात गवत, चिखल व असंख्य सूक्ष्म जीव असतात. दोन लिटरच्या भांड्यात यांपैकी काहीच नसते. थोड्या प्राणवायूवर भागवू शकणारा मासा थोड्या पाण्यातही सुखी राहतो, असा अर्थ कोणीतरी काढला आणि तोच पुढे दुकानादुकानांत रूढ झाला.

अडचण होते ती अमोनियाची. मासा कल्ल्यांवाटे सतत अमोनिया बाहेर टाकतो. शिवाय त्याची विष्ठा आणि उरलेले खाद्य कुजूनही तोच तयार होतो. लहान भांड्यात त्याचे प्रमाण चोवीस तासांतही घातक पातळीकडे जाऊ शकते आणि त्याने कल्ल्यांची नाजूक त्वचा भाजल्यासारखी होते. मुरलेल्या टाकीत एका प्रकारचे जिवाणू या अमोनियाचे नायट्राइट करतात आणि दुसऱ्या प्रकारचे जिवाणू नायट्राइटचे नायट्रेट करतात. नायट्राइटही विषारीच असते, नायट्रेट मात्र त्या मानाने पुष्कळ सौम्य. हे जिवाणू मोकळ्या पाण्यात फारसे नसतात. ते फिल्टरचा स्पंज, तळाची खडी आणि काच यांवर थर धरून राहतात. आपण रोज भांडे घासून काढत होता, त्यामुळे त्यांना मुळी ठाव मिळतच नव्हता. त्यात भर म्हणजे नळाच्या पाण्यातले क्लोरीन. आपल्याला निर्धोक पाणी मिळावे म्हणून महापालिका ते घालते आणि ते आवश्यकच आहे; परंतु माशाच्या कल्ल्यांना आणि या जिवाणूंना ते थेट बाधते. रोज सकाळी पाण्याचे तापमानही एकदम बदलत असणार. एवढे सगळे एकदम सोसणे कोणत्याही माशाच्या आवाक्याबाहेरचे आहे.

यापुढे किमान २० लिटर पाणी मावेल अशी चौकोनी टाकी घ्यावी. उंच टाकीपेक्षा लांबट टाकी बरी, कारण लांब परांच्या माशाला दर वेळी फार खोलवरून वर यावे लागत नाही. टाकीवर झाकण हवेच. फायटर उडी मारतो, आणि झाकणाखालची हवा दमट व उबदार राहिली तर ती त्याच्या श्वसनालाही मानवते. पाणी टाकीच्या काठापासून दोन-तीन बोटे कमी ठेवावे. एअर पंपावर चालणारा साधा स्पंज फिल्टर लावावा आणि हवा इतकीच सोडावी की पाण्याला जोराचा प्रवाह येणार नाही.

फिल्टर लावला म्हणजे काम झाले, असे मात्र नाही. जिवाणूंचा थर बसायला साधारणपणे चार ते सहा आठवडे लागतात. दह्याला विरजण लागते तसेच येथेही लागते. ओळखीच्या कोणाकडे वर्ष-दोन वर्षे चाललेली, निरोगी माशांची टाकी असेल तर तिच्या फिल्टरमधला स्पंजाचा तुकडा ओला असतानाच आणून आपल्या फिल्टरला जोडावा; हा कालावधी बराच कमी होतो. तसे कोणी नसेल तर मासा आणण्याआधीच टाकी भरून, फिल्टर चालू ठेवून, रोज चिमूटभर माशांचे खाद्य त्यात टाकत राहावे, म्हणजे ते कुजून जिवाणूंना अन्न मिळेल. चाचणीच्या किटमध्ये अमोनिया आणि नायट्राइट दोन्ही शून्य येऊ लागले आणि नायट्रेट दिसू लागले, की थोडे पाणी बदलून मासा सोडावा. त्यानंतर दर आठवड्याला चौथा हिस्सा पाणी बदलावे. नवे पाणी अँटी-क्लोरीनचे थेंब टाकलेले असावे आणि हाताला टाकीतल्या पाण्याइतकेच कोमट लागले पाहिजे. स्पंज कधीही नळाखाली धुऊ नये. टाकीतून काढलेल्या पाण्याच्या बादलीत दोन-चार वेळा पिळला की पुरे.

मुलाला या चार-सहा आठवड्यांत सामील करून घ्यावे, ही माझी आग्रहाची सूचना आहे. परीक्षानळीत पाण्याचा रंग बदलताना पाहिलेले मूल पुढे त्या माशाची काळजी मोठ्यांपेक्षा नेटाने घेते, हे मी पाहिले आहे.

प्रश्न : आमचा लाल फायटर पावसाळ्यात उत्साही होता. थंडी सुरू झाल्यापासून तो तळाशी पडून राहतो, खात नाही आणि त्याचे पर अंगाशी मिटलेले असतात. औषध कोणते द्यावे?
— एक वाचक, देवळाली कॅम्प

उत्तर : औषध देण्याआधी पाण्यात तापमापक घालून पाहावा. फायटरला २५ ते २८ अंश सेल्सिअस तापमान लागते. नाशिकच्या हिवाळ्यात पारा १० अंशांखाली जाणे आपल्याला नवीन नाही आणि टाकीतले पाणी खोलीच्या तापमानाच्या मागोमागच जाते. पाणी २० अंशांच्या खाली गेले की या माशाचे पचन मंदावते, प्रतिकारशक्ती घटते आणि एरवी निरुपद्रवी असलेले जंतू त्याच्यावर मात करतात. माझ्या पहिल्या हिवाळ्यात मी स्वतः एक सुंदर मासा अशाच प्रकारे गमावला. टाकी खिडकीशी होती आणि मी त्याला बद्धकोष्ठ झाल्याचे समजून तीन दिवस उपाशी ठेवले होते.

२० ते ३० लिटरच्या टाकीला आपोआप बंद-चालू होणारा ५० वॅटचा हीटर पुरतो. तापमान एकदम वाढवू नये. तासाला एखाद-दुसऱ्या अंशाने चढू द्यावे. गरम पाण्याचा तांब्या ओतणे, टाकी उन्हात ठेवणे किंवा वर पिवळा दिवा लावणे हे उपाय टाळावेत, कारण रात्री पाणी पुन्हा थंड होते आणि हा चढउतारच माशाला अधिक जाचतो. हीटर पाण्याबाहेर काढण्यापूर्वी बटण बंद करून तो पाण्यातच दहा-पंधरा मिनिटे निवू द्यावा, नाही तर काच तडकते. त्याच्या वायरीला सॉकेटच्या खाली एक झोळ पडू द्यावा, म्हणजे वायरीवरून ओघळलेले पाणी सॉकेटमध्ये न जाता खाली ठिबकेल. रात्री वीज गेली तर टाकीभोवती गोधडी गुंडाळावी, वरचा भाग मात्र हवेसाठी थोडा मोकळा ठेवावा. उन्हाळ्यात याच्या उलट परिस्थिती येते. पाणी ३० अंशांच्या वर जाऊ लागले तर झाकणाऐवजी जाळी ठेवून पृष्ठभागावर छोट्या पंख्याचा वारा सोडावा आणि वाफ होऊन कमी झालेले पाणी भरत राहावे.

प्रश्न : आमच्याकडे बोअरचे पाणी आहे. नळाच्या तोट्यांवर पांढरा थर बसतो. मासा या पाण्यात ठेवावा, की घरच्या आरओ यंत्राचे पाणी वापरावे? पावसाळ्यात आम्ही पाण्यात तुरटी फिरवतो, ते चालेल का?
— एक वाचिका, ओझर

उत्तर : पांढरा थर म्हणजे पाणी जड आहे, त्यात कॅल्शियम आणि मॅग्नेशियम पुष्कळ आहेत. दुकानात मिळणारे फायटर पिढ्यान्‌पिढ्या टाक्यांतच वाढवलेले असल्यामुळे मध्यम जड पाणी त्यांना चालते आणि ६.५ ते ७.५ च्या आसपासचा पीएच (पाणी किती आम्लधर्मी वा अल्कधर्मी आहे याचे माप) त्यांना मानवतो. मात्र पीएच अमुकच हवा यापेक्षा तो आज, उद्या आणि परवा सारखा राहणे अधिक महत्त्वाचे आहे. आरओचे पाणी एकटेच वापरू नये. त्यातील क्षार निघून गेलेले असल्याने त्याचा पीएच कोणत्याही क्षणी घसरू शकतो. अर्धे बोअरचे आणि अर्धे आरओचे पाणी मिसळावे आणि दर आठवड्याला तेच प्रमाण कायम ठेवावे. आपल्या परिसरात द्राक्षबागा आहेत, तेव्हा बोअरच्या पाण्यातील नायट्रेट एकदा तपासून घ्यावे. शेतातील खते झिरपून भूजलात उतरतात आणि मग टाकीत भरण्याआधीच पाण्यात नायट्रेट असते. तुरटी फिरवलेले पाणी माशाला अजिबात वापरू नये. तुरटीने गाळ खाली बसतो, पण तिच्यामुळे पाण्याचा पीएच उतरतो आणि तिच्यातील अॅल्युमिनियम कल्ल्यांना अपायकारक ठरू शकते.

या संदर्भात देशी बदामाच्या पानाचा उल्लेख करायला हवा. आपल्याकडे शाळांच्या आवारात आणि रस्त्याकडेला ही झाडे सर्रास दिसतात. झाडावरून आपोआप गळलेले, पूर्ण वाळून तपकिरी झालेले एक पान धुऊन २० लिटर पाण्यात टाकले तर दोन-तीन दिवसांत पाण्याला कोऱ्या चहासारखा रंग येतो. पानातून उतरणारे टॅनिन नावाचे हे द्रव्य पाणी किंचित आम्लधर्मी करते आणि काही जंतूंना आवर घालते. मासाही गढुळलेल्या सावलीत शांत राहतो. पान रहदारीच्या रस्त्यावरचे किंवा फवारणी झालेल्या जागेचे नसावे. त्याच कारणाने गोदावरीतील पानवेली उपटून टाकीत सोडण्याचा मोह टाळावा. सजावटीसाठी जावा फर्न किंवा अनुबियास लावावे. या वनस्पती कमी प्रकाशातही तग धरतात.

प्रश्न : माशाच्या शेपटीच्या कडा झिजल्या आहेत. शेजाऱ्यांनी हळद घालायला सांगितली, तर दुकानदाराने निळे औषध दिले. काय करावे?
— एक वाचक, सिडको

उत्तर : आधी शेपूट नीट पाहावी. एखाद-दुसरी सरळ चीर असेल आणि कडा स्वच्छ असेल तर पर कशाला तरी अडकून फाटला आहे. टाकीत प्लॅस्टिकची झाडे असल्यास त्यांवरून पायमोज्याचे पातळ कापड फिरवावे. कापडाचा धागा ओढला गेला तर ते झाड काढून टाकावे. शेपटीचा अर्धगोल घास घेतल्यासारखा भाग एका रात्रीत नाहीसा झाला असेल तर माशाने स्वतःच ती चावली आहे. लांब, जड परांचे मासे असे करतात. कडा काळपट किंवा लालसर असेल, तिच्यावर पांढरी लव दिसत असेल आणि ती रोज थोडी थोडी मागे सरकत असेल, तरच त्याला पर कुजणे म्हणावे.

तिन्ही बाबतींत उपचाराची सुरुवात एकच आहे. अमोनिया तपासावा, एक दिवसाआड चौथा हिस्सा पाणी बदलावे आणि तापमान २७ अंशांवर स्थिर ठेवावे. सुरुवातीच्या अवस्थेत एवढ्यानेच बहुतेक मासे सुधारतात. त्याने भागले नाही तर लिटरमागे १ ग्रॅम या प्रमाणात खडे मीठ वेगळ्या भांड्यात पूर्ण विरघळवून, दिवसभरात थोडे थोडे करून घालावे. मीठ उडून जात नाही, म्हणून पाणी बदलताना जेवढे लिटर काढले तेवढ्यापुरतेच नवे मीठ घालावे आणि दहा दिवसांनंतर ते पाणी बदलून हळूहळू कमी करत न्यावे. झाडे असलेल्या टाकीत हा उपाय न करता मासा वेगळ्या भांड्यात घ्यावा. हळद घालू नये; ती पाण्यात विरघळत नाही आणि कल्ल्यांत अडकते. निळे औषध म्हणजे मेथिलीन ब्लू असावे. ते बुरशीवर चालते, पण मुख्य टाकीत घातले तर फिल्टरमधील उपयुक्त जिवाणूही मारते, म्हणून तेही वेगळ्या भांड्यातच वापरावे. माणसांसाठीची अँटिबायोटिकची कॅप्सूल अंदाजाने फोडून घालणे तर पूर्णपणे वर्ज्य मानावे. पर पुन्हा वाढताना नव्या भागाला रंग नसतो, तो पारदर्शक पापुद्र्यासारखा दिसतो. ती खूण दिसली की मासा सावरतो आहे असे समजावे.

एक तपासणी सर्वांनीच आठवड्यातून एकदा करावी. खोलीतला दिवा बंद करून माशाच्या अंगावर तिरकी बॅटरी धरावी. मिठाचे कण चिकटल्यासारखे पांढरे ठिपके दिसले किंवा सोनेरी धूळ बसल्यासारखी झाक दिसली, तर हे दोन्ही परजीवींचे रोग आहेत आणि त्यांवर त्याच आठवड्यात उपचार करावे लागतात.

प्रश्न : फायटर एकटा कंटाळतो असे वाटते. त्याला जोडीदार आणावा का? आमच्याकडे गप्पी मासेही आहेत.
— एक वाचिका, म्हसरूळ

उत्तर : आणू नये. दोन नर एका टाकीत ठेवले तर ते एकमेकांना गंभीर जखमी करतात, आणि नर-मादीलाही कायम एकत्र ठेवता येत नाही. ही आक्रमकता अंशतः निसर्गाची आणि अंशतः माणसाची देणगी आहे. रानातला नर आपल्या हद्दीपुरता भांडतो आणि हरलेला नर निघून जातो. टाकीत निघून जायला जागा नसते. शिवाय थायलंडमध्ये झुंजींसाठी पिढ्यान्‌पिढ्या निवड करूनच या माशाची पैदास झाली. तेथे त्याला ‘प्ला कात’, म्हणजे चावरा मासा म्हणतात आणि २०१९ मध्ये थायलंडने त्याला राष्ट्रीय जलचराचा दर्जा दिला. गप्पीच्या नराची रंगीत, फडफडती शेपूट फायटरला प्रतिस्पर्ध्यासारखी भासते, तेव्हा ती संगतही नको. एकटेपणाचे दुःख आपण आपल्या मनाने त्याच्यावर लादतो. हा मासा मुळातच आपली हद्द राखून राहणारा आहे. त्याला काही द्यायचेच असेल तर लपायला जागा, पृष्ठभागाजवळ टेकायला एक रुंद पान आणि पाहायला आपला चेहरा द्यावा. खाद्य देणारी व्यक्ती तो महिन्याभरात ओळखू लागतो आणि काचेशी धावत येतो. आरसा दाखवून त्याला फुलवण्याचा खेळ मात्र दिवसातून दोन-तीन मिनिटांहून अधिक नसावा.

प्रश्न : आमच्या टाकीत कोपऱ्यात फेस जमतो. मी तो रोज गाळणीने काढते, पण दुसऱ्या दिवशी पुन्हा येतो. पाणी खराब झाले आहे का?
— एक वाचिका, महात्मानगर

उत्तर : कृपया तो काढू नये, ते आपल्या माशाचे घरटे आहे. प्रौढ नर हवेचा घोट घेतो, तोंडातील चिकट लाळेत तो गुंडाळतो आणि बुडबुडा पृष्ठभागाला चिकटवतो. असे शेकडो बुडबुडे तो एकावर एक रचतो. मादीने अंडी घातली की खाली घरंगळणारे प्रत्येक अंडे तोंडाने उचलून तो या फेसात नेऊन ठेवतो आणि पिल्ले पोहू लागेपर्यंत पहारा देतो. अंडी दीड-दोन दिवसांत फुटतात. मादी नसतानाही नर घरटे बांधतोच. घरट्याचे बुडबुडे लहान, एकसारखे आणि दाट असतात. पाणी बिघडल्यावर येणारा फेस विस्कळीत असतो, साऱ्या टाकीभर पसरतो आणि त्याला उग्र वास येतो.

आपण पुढे पैदास करण्याविषयीही विचारले आहे. एका वेळी शेकडो पिल्ले होऊ शकतात आणि काही महिन्यांतच प्रत्येक नराला स्वतंत्र भांडे द्यावे लागते. तेवढी भांडी, जागा आणि वेळ तयार नसेल तर त्या वाटेला जाऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

प्रश्न : माशाला काय आणि किती खायला द्यावे? आम्ही पोळीचे आणि ब्रेडचे तुकडे देतो. दिवाळीत आठवडाभर गावी जायचे आहे, तेव्हा काय करावे?
— एक वाचक, पंचवटी

उत्तर : पोळी आणि ब्रेड आजपासून बंद करावे. फायटर कीटक खाणारा मासा आहे. पीठ त्याच्या पोटात फुगते आणि पाण्यात कुजते. फायटरसाठी मिळणारे बारीक दाणे सकाळी दोन-तीन व संध्याकाळी दोन-तीन द्यावेत आणि आठवड्यातून एक-दोन वेळा गोठवलेले ब्लडवर्म (लाल अळ्या) किंवा डॅफ्निया (पाण्यातले बारीक जीव) द्यावेत. आठवड्यातून एक दिवस उपवास हितकारक असतो. डासांच्या अळ्या हे त्याचे आवडते अन्न असले तरी त्या वाढवण्यासाठी घरी पाणी साठवू नये. डेंग्यूचा धोका पत्करून माशाची हौस करणे योग्य नाही. निरोगी, प्रौढ मासा पाच ते सात दिवस अन्नावाचून सहज राहतो. निघण्याच्या आदल्या दिवशी पाणी बदलावे, हीटर तपासावा आणि शेजाऱ्यांना खाद्याचा डबा देऊ नये, कारण लोक प्रेमापोटी मूठभर खाद्य टाकतात.

प्रश्न : माझा फायटर तीन वर्षांचा आहे. रंग फिकट झाला आहे आणि वर येताना त्याला कष्ट पडतात. बदली झाल्याने मला घर सोडावे लागणार आहे. त्याला रामकुंडाच्या बाजूला नदीत सोडावे, म्हणजे तो शेवटचे दिवस मोकळा राहील, असे घरचे म्हणतात.
— एक ज्येष्ठ वाचक, नाशिकरोड

उत्तर : नदीत सोडू नये. हिवाळ्यातील गोदावरीचे थंड, वाहते पाणी त्याला सोसणार नाही. शिवाय टाकीतला परका मासा आणि त्याच्यासोबतचे रोग नदीत जाऊ देणे तेथील माशांच्या दृष्टीनेही चुकीचे आहे. फायटर साधारणपणे दोन ते चार वर्षे जगतो, म्हणजे आपला मासा म्हातारा आहे आणि तो इतका जगला यात आपल्या देखभालीचा वाटा आहे.

त्याला सोबत नेता येईल. प्रवासाच्या आधी एक दिवस खाद्य देऊ नये. झाकणाच्या प्लॅस्टिकच्या बरणीत एक तृतीयांश त्याच्याच टाकीचे पाणी आणि बाकी हवा ठेवावी, झाकणाला भोके पाडावीत आणि बरणी टॉवेलमध्ये गुंडाळून अंधारात ठेवावी. फिल्टरचा स्पंज वेगळ्या पिशवीत ओलाच न्यावा. नव्या घरी टाकी लावल्यावर बरणीत दर दहा मिनिटांनी वाटीभर नवे पाणी घालत तासाभराने त्याला सोडावे. तेथे पाण्याची उंची पंधरा सेंटिमीटरच्या आसपास ठेवावी, फिल्टरची हवा आणखी मंद करावी आणि पृष्ठभागाच्या खाली दोन बोटांवर अनुबियासचे एक रुंद पान येईल अशी व्यवस्था करावी. तो बराच वेळ त्यावर पडून राहील आणि मान थोडी उचलली की त्याला हवा मिळेल. दाणे पाण्यात भिजवून मऊ करून त्याच्या तोंडाशी सोडावेत. म्हाताऱ्या माशांची नजर मंदावते.